मेव्हिसची मासोळी

"सदतिसावं पान हेच ना, पोरी?" विल्फ ऑग्डेननं पुस्तक गाडीच्या खिडकीशी तिरपं धरलं. "मग मासोळी कुठाय?"

ग्लेनिसला 'पोरी' म्हणणारं आता यॉर्कशरच्या त्या खोऱ्यात दुसरं कुणी उरलं नव्हतं. तिचीच साठी जवळ आली होती, गुडघे कुरकुरत होते. फिरत्या वाचनालयाची गाडी तीच चालवायची, पुस्तकंही तीच द्यायची आणि दर पंधरवड्याला गावातल्या चॅपलच्या, छोट्या चर्चच्या, भिंतीशी उभी राहून त्याच त्या तक्रारी ऐकायची. ही तक्रार मात्र नवी होती, आणि तिचं उत्तर तिला ठाऊक होतं.

गावातल्या म्हाताऱ्यांची एक जुनी खोड होती. वाचून झालेल्या पुस्तकात ठरलेल्या पानावर पेन्सिलीनं बारीक खूण करायची. करणार काय? त्या कादंबऱ्याच सगळ्या एका माळेच्या मण्यांसारख्या. काळ व्हिक्टोरिया राणीचा, ओसाड माळावरची हवेली, अनाथ शिक्षिका, तुसडा मालक, वरच्या मजल्यावर कुलूपबंद खोली. निम्मं पुस्तक संपल्यावर कळायचं की खुनी कोण ते आपल्याला आधीच माहीत आहे. म्हणून कुणाची फुली, कुणाचा तारा. विल्फच्या बायकोची, मेव्हिस ऑग्डेनची, सदतिसाव्या पानावर मासोळी असायची.

गेल्या हिवाळ्यात मेव्हिस गेली. जन्मभर बस चालवलेला आणि घोड्यांच्या शर्यतींपलीकडे काही न वाचलेला विल्फ तेव्हापासून मासोळीवाली पुस्तकं शोधून नेत होता. "इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून ही काय वाचत होती, ते बघावं म्हटलं," एवढंच त्यानं सांगितलं होतं.

"मीच खोडल्या, मिस्टर ऑग्डेन," ग्लेनिस म्हणाली. "सगळ्यांच्या सगळ्या खुणा. ऑफिसातून हुकूम आला, पानं स्वच्छ हवीत म्हणून. बर्फात गाडी अडकून पडली होती, हाताला दुसरं काम नव्हतं. तुमचं माझ्या ध्यानातच आलं नाही हो."

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. ओरडणाऱ्यांची तिला सवय होती. विल्फनं पानावरून अंगठा फिरवला.

"छान पुसलंयस. काही म्हणता काही दिसत नाही."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माफ करा."

"माफीनं मासोळी उगवत नाही, पोरी." तो फळीकडे बघत राहिला. "त्या टोकाचं पहिलं दे. सगळीच वाचतो. त्यात तिचीही येतील."

"सगळी? पण तुम्हाला आवडतात तरी का?"

"आवडतात? भिकार आहेत! ती बया दर वेळी मेणबत्ती घेऊन एकटीच वर जाते. कुणाला हाक नाही, बोलावणं नाही. मेव्हिस असती तर म्हटलं असतं, हिला अक्कल कधी यायची? तर म्हणाली असती, तू आपली बस चालव."

पुढच्या खेपेला तो वाऱ्याला शिव्या घालत गाडीत चढला. पुस्तक टेबलावर टाकलं.

"मालकाच्या भावानं केला खून. चहा ओतून घ्यायच्या आधीच ओळखलं होतं मी."

"मेव्हिसनं वाचलं असेल हे?" ग्लेनिसनं भीत भीत विचारलं.

"देव जाणे. शेवटी पाऊस पडतो नि लग्न लागतं. वाचलंच असणार." त्यानं हात पुढे केला. "पेन्सिल आहे?"

पुस्तकांत खुणा करू नयेत, अशी पाटी त्याच्या डोक्यावरच होती. ग्लेनिसनं कानामागची पेन्सिल काढून दिली. त्यानं सदतिसावं पान उघडलं, जीभ दातांत धरली आणि जाडजूड बोटांनी दोन रेघा ओढल्या.

"बटाटा झाला," तो म्हणाला.

"शेपूट जरा लांबवा."

"राहू दे. तिचं वाचून झालं, एवढं कळलं म्हणजे पुरे." त्यानं पेन्सिल परत दिली.

ग्लेनिसनं पुस्तक तसंच फळीवर ठेवलं आणि त्याच्या शेजारचं काढून त्याला दिलं.