पाताळातल्या पोरीचे दात

पेडगावच्या शिवारातल्या जुन्या बारवेभोवती त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. ट्रॅक्टरांवर माणसं, कडुलिंबावर माणसं, आणि ज्याच्या त्याच्या हातात वर धरलेला मोबाइल. जळनाथ महाराज छातीभर पाण्यात उतरले, बुडी मारली आणि दिसेनासे झाले. वर आले तेव्हा त्यांच्या हातांवर एक भिजलेली मुलगी होती.

"घे, सुगंधाबाई! कालव्यानं नेली ती पाताळानं जपली. घे तुझी शालू!"

सुगंधाबाईने हंबरडा फोडून पोरीला कवटाळलं. तिचा नवरा उमाजी दोन पायऱ्या खाली उतरला. मेंढरं राखणारा माणूस. तीन वर्षांपूर्वी त्याची धाकटी शालू मेंढरांना पाणी पाजताना कालव्यात वाहून गेली होती. नुकतंच आठवं लागलं होतं तिला. प्रेत सापडलं नाही, आणि न सापडलेल्या प्रेताइतकी सोयीची वस्तू बुवांना दुसरी नसते.

पोरीने आपलं नाव शालू सांगितलं. शालूच्या लाडक्या शेळीचंही नाव सांगितलं. डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग होता, शालूला होता अगदी तिथंच.

"पर लय बारीक दिसायलीय," शेजारची सरजाबाई पुटपुटली.

"पाताळात वय वाढत नाही, माते!" महाराज गरजले. "तिथं ना घड्याळ, ना कॅलेंडर!"

गर्दी खूश झाली. पुढचं बोलणं महाराजांनी फक्त आईबापांसाठी राखलं होतं. पाताळाने एक दिली, त्याला एक द्यावी लागेल. थोरली दिपाली, पंधरा वर्षांची, उद्या सकाळी मठात सेवेला. कायमची. सुगंधाबाई भरल्या डोळ्यांनी होकार देऊन बसली.

घरी पोर भाकरी खाऊ लागली. उमाजी समोर बसून तिचं तोंड बघत होता. जनावराचं वय तो दातांवरून सांगायचा. कोकराचे दात बारीक, दुधाचे. वर्ष उलटलं की मधले दोन पडून रुंद दोन येतात, मग दर वर्षी एकेक जोडी. बाजारात कुणी कितीही थापा मारो, उमाजी आधी तोंड उघडून बघायचा. त्याच सवयीने त्याने अंगठ्याने पोरीचे ओठ फाकवले.

समोरचे सगळे दात इवलेसे, मधे फटी असलेले, दुधाचे. वाहून गेली त्या वर्षी शालूचे मधले दोन पडून रुंद, कातरलेल्या कडेचे नवे दात पुरते आले होते. "दोनदाती झाली माजी मेंढी," म्हणून त्यानेच तिला चिडवलं होतं. आपलं चुकत असावं असं त्याला फार वाटलं. त्याने पुन्हा बघितलं.

"सुगंधे, ही आपली न्हाई."

"जीभ झडंल तुमची!"

"पाताळात वय थांबलं म्हनं. थांबू दे. पर मागं कसं गेलं? आलेला पक्का दात पुन्ना दुधाचा हुतो व्हय?"

सुगंधाबाईने स्वतः बघितलं. मग पोरीला पोटाशी ओढलं. "नसू दे आपली. मला ठिवायची हाय."

"आन दिपाली?"

सुगंधाबाईने दाराशी उभ्या दिपालीकडे बघितलं आणि पोरीभोवतीचा हात सैल केला.

सकाळी मठात न जाता चौघं रिक्षाने परभणीला गेली. दातांच्या डॉक्टर राजेश्री यांनी एक्स-रे उजेडावर धरला. "दुधाच्या दातांच्या वर हे पक्के दात अजून जबड्यातच घडतायत. सगळ्यांचे दात एका दिवशी येत नाहीत, पण मुलगी पाच-सहा वर्षांची असेल. दहाची नक्कीच नाही." मग त्यांनी पोरीचं मनगट हातात घेतलं आणि त्यांचा आवाज बदलला. "हा डाग तीन वर्षांचा नाही. दोनेक महिन्यांचा आहे."

"मीच सांगितलं हुतं," सुगंधाबाई म्हणाली. "दर अवसंला मी मठात जायची, तवा तिथली सेवेकरी मालनबाई माज्याजवळ बसून रडायची. शेळीचं नाव, हातावरचा डाग, समदं इचारून घेतलं तिनं. आन या लेकराला त्यांनी भाजलं!"

डॉक्टरांनी तिथूनच पोलिसांना फोन केला. दुपारी पोलीस मठात शिरले, मग चौघांना घेऊन बारवेवर आले. बारवेच्या पायऱ्यांखाली, पाण्याच्या जरा वर, काठावरून न दिसणाऱ्या देवळीत, म्हणजे भिंतीतल्या खोल कोनाड्यात, ओलं घोंगडं आणि बिस्किटांचे पुडे सापडले. पाताळ ते एवढंच. पोरीला तिथं दडवलं होतं. महाराज बुडी मारून तिकडं गेले आणि तिला घेऊन वर आले. "पाताळ कोपेल!" महाराज ओरडले. कोपलं कुणीच नाही, जीपमध्ये मात्र त्यांना आणि मालनबाईला बसावं लागलं. तरी भक्तांच्या गर्दीतून उमाजीच्या पाठीत एक दगड आलाच.

सुगंधाबाई पोरीपुढे गुडघ्यांवर बसली. "नाव काय गं तुजं? खरं सांग."

पोरीने आधी जीप लांब गेल्याची खात्री केली. "सविता."

सुगंधाबाईने तिचा हात महिला पोलिसाच्या हातात दिला. मग पदराने तोंड पुसलं आणि गर्दीकडे वळली.

"माजी पोर मेली. तीन वर्सं मला ठावं हुतं, तरी मी न्हाई म्हनत हुते. म्हून ह्या बुवाचं फावलं. बायांनो, हिची माय बी कुठंतरी अशाच एखाद्या बाबाच्या दारात बसली असंल. चमत्कार दिसला की हात जोडाया पळू नका. आदी इचारा, ह्ये लेकरू कुनाचं हाय?"