समारोपाची प्रार्थना

आमच्या देशात संशोधनाचं धोरण दर काही वर्षांनी बळकट होतं. संशोधन होत नाही, पण तो भाग वेगळा. मी मातीची तपासणी करणारा माणूस, आडनाव कालुआ. मलावी सरोवराच्या काठावरच्या एका सरकारी शेती केंद्रात माझी उभी हयात गेली. केंद्रात मला सगळे काका म्हणतात. माझ्या जिभेला हाड नाही हेही सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून मोठ्या बैठकांना मला कुणी नेत नाही. धोरणाच्या त्या बैठकीला नेलं ते आमच्याच केंद्रातल्या लुसुंगू चावुलाने. म्हणाली, "काका, नुसते शेजारी बसा. मी घाबरले तर कोपराने ढोसा."

लुसुंगू घाबरणाऱ्यांतली नव्हती. पण त्या बैठकीत तिचं सगळं पणाला लागलं होतं.

आमच्याकडे कसावाच्या गावठी जातींचा एक संग्रह होता. संग्रह म्हणजे कपाट नव्हे, शेत. कसावाचं बी डब्यात भरून जात टिकत नाही. दरवर्षी पाऊस लागला की खोडाच्या कांड्या तोडायच्या आणि नव्याने लावायच्या. एक हंगाम चुकला की बेणं वाळून सरपण होतं. लुसुंगूने गावोगाव हिंडून, म्हाताऱ्या बायकांसमोर गुडघे टेकून, एकेक जात मागून आणली होती. पुढे तपकिरी कुज आली. वरून पान हिरवंगार, आणि कंद चिरावा तर आतून लाकडी भुशासारखा. कितीतरी गावांतल्या जाती त्या रोगाने खाऊन टाकल्या. त्या आता फक्त आमच्या शेतात होत्या.

आणि शेताची मजुरी देणारा परदेशी प्रकल्प त्याच वर्षी गाशा गुंडाळत होता.

म्हणून लुसुंगूने धोरणाच्या मसुद्यात एक कलम घुसवलं होतं. सरकारी केंद्रांत जे जिवंत आहे ते सरकार आधी स्वतःच्या पैशाने जगवील, नवं काही त्यानंतर. एवढंच. मी मसुदा चाळला. बाकी सगळी बोलाचीच कढी होती, त्यात हा एकच खरा भाताचा घास.

बैठक सरोवराच्या दक्षिण टोकाच्या एका हॉटेलात होती. पाद्रीबाबांनी प्रार्थना केली, मग सचिवसाहेबांनी देशाचं भविष्य सांगितलं. त्यात आकाशात यंत्रं उडत होती, प्रत्येक जिल्ह्यात नवोपक्रम केंद्र होतं आणि पोरं मोबाइलवर शेती करत होती. अध्यक्ष होते प्राध्यापक हरावा. लुसुंगूचे गुरू. तिला परदेशी शिकायला पाठवलं ते त्यांनीच, तिच्या लग्नात वडिलांच्या जागी उभे राहिले तेही तेच.

जेवणात चांबो मासा आणि पिठाची घट्ट न्सिमा होती. हरावा सर आपलं ताट घेऊन आमच्याच टेबलावर आले.

"मुली, कलम छान लिहिलंयस," ते म्हणाले. "पण त्यातला तो 'आधी' काढ."

"तोच तर जीव आहे, सर."

"अगं, धोरणात आधी नसतं. आधी म्हटलं की कुणीतरी नंतर येतं. आणि तो कुणीतरी इथंच बसून मासा खातोय."

"मग आमचा कसावा कधी येतो, सर?"

"येईल गं. शेवटच्या पानावर आहे ना? तिथं पोचलो की मी तुला बोलायला देईन. मी दिलेला शब्द कधी मोडलाय?"

मी म्हटलं, "सर, शेवटच्या पानापर्यंत पोचलेलं धोरण मी अजून पाहिलं नाही."

"कालुआ," ते हसून म्हणाले, "तुमचं तोंड तुमच्या आधी निवृत्त होऊ दे." टेबलावरचे सगळे हसले. लुसुंगू हसली नाही. ती मनात काहीतरी घोळवत होती, तिचे ओठ हलत होते.

दुपारी आकाशातल्या यंत्रांवर इतकी चर्चा झाली की ती खाली उतरेचनात. मग सचिवांच्या कानात कुणीतरी कुजबुजलं. त्यांच्या थोरल्या चुलत्यांचं दफन त्याच संध्याकाळी होतं आणि रस्ता लांबचा होता. आमच्याकडे दफन चुकवणाऱ्याच्या दारात उद्या कुणी उभं राहत नाही, मग तो सचिव असो की कोण. अध्यक्षांनी कागद गोळा करायला सुरुवात केली. शेवटचं पान उघडलंच नव्हतं.

लुसुंगूने हात वर केला.

सरांनी तो पाहिला. मी त्यांच्याकडेच बघत होतो, म्हणून छातीवर हात ठेवून सांगतो, त्यांनी नीट पाहिला. मग चेहरा उजळवून म्हणाले, "अरे वा, हात वरच आहे! उशीर होतोय, तेव्हा समारोपाची प्रार्थना आपल्या डॉक्टर चावुला करतील. पाद्र्याची लेक आहे, देव तिचं पटकन ऐकतो."

खुर्च्या सरकल्या. सगळे उठून उभे राहिले, माना खाली, डोळे मिटलेले. सांगा, काय करायचं? आमच्या देशात मंत्र्याला नाही म्हणता येतं, सासूला नाही म्हणता येतं. प्रार्थनेला नाही म्हणणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. लुसुंगूने हात हळूच खाली घेतला. मला वाटलं, आता ही बापाकडून पाठ केलेलं चार ओळींचं म्हणेल आणि संपेल.

"हे पित्या," ती म्हणाली, "या दिवसासाठी तुझे आभार. दफनाला निघालेल्यांना सुखरूप पोचव." मग थांबली. "पित्या, दुष्काळात आमच्या आयांनी कसावा राखला, म्हणून आम्ही इथं उभे आहोत. ज्यांनी ओंजळीने दिलं त्या गावांची नावं तुला माहीत आहेत. त्यांचं बेणं आज आमच्या शेतात आहे, आणि येत्या पावसात ते लावायला आमच्याजवळ हात नाहीत. जे जिवंत आहे ते आधी जगव, प्रभू. नवं नंतर दे. ज्यांच्या सहीत बळ आहे त्यांना आज ती सही करायचं बळ दे. ते एकदा मेलं, तर तुझ्याशिवाय कुणालाच पुन्हा करता येणार नाही."

"होय, प्रभू!" कुणीतरी पुटपुटलं. मग दुसरं कुणीतरी. आणि शेवटी सगळ्या दालनाने मिळून आमेन म्हटलं, अख्ख्या दिवसात कशालाही मिळाला नव्हता एवढ्या मोठ्याने. मीही म्हटलं. मला वाटलं, जिंकली पोरगी! मग डोळे उघडून पाहिलं तर इतिवृत्त लिहिणारी बाई पेनाला टोपण लावत होती. प्रार्थनेचं टिपण कोण घेतं?

सचिवसाहेबांचे डोळे खरंच ओले होते. त्यांनी लुसुंगूचे दोन्ही हात धरले. "बाई, माझ्या आईच्या अंगणात तसाच कसावा होता. काळजाला हात घातलात."

"मग साहेब, ते कलम?"

"देव ऐकेल हो," ते म्हणाले आणि गाडीकडे धावले.

ती सरांकडे वळली. "सर, शेवटचं पान राहिलं."

"राहिलं खरं."

"पाच मिनिटं बसू या ना. सगळे अजून इथंच आहेत."

"आमेन झाल्यावर बैठक कशी उघडायची, मुली?" त्यांचा आवाज अगदी मायेचा होता, त्याचाच मला जास्त संताप आला. "आणि आता तर तूच ती संपवलीस."

 परतीच्या वाटेवर मी बडबडत राहिलो, सरांना, सचिवांना, त्या टोपण लावणाऱ्या बाईलासुद्धा शिव्या घातल्या. पालथ्या घड्यावर पाणी. धोरण छापून आलं तेव्हा शेवटचं पान गाळलेलं होतं. प्रकाशनाच्या सोहळ्याला प्रार्थना करायला लुसुंगूला फोन आला. त्यांना ती प्रार्थना अजून आठवत होती. घसा बसलाय, असं तिने सांगितलं.

प्रकल्प गेला. पाऊस लागला. मजूर नव्हते, म्हणून आम्ही दोघं आणि केंद्रातले एक-दोन भले लोक कुदळ घेऊन उतरलो. सगळं लावणं शक्यच नव्हतं. कुठल्या ओळी लावायच्या आणि कुठल्या सोडायच्या हे ठरवायला आम्ही बांधावर बसलो, आणि त्या बसण्याची मला अजून किळस येते. शेवटी शहाणपणाने ठरवलं. ज्या जाती गावांतून नाहीशा झाल्यात त्या आधी लावायच्या. ज्या गावात अजून आहेत त्या सोडायच्या, त्या उद्या पुन्हा मागून आणता येतील. लुसुंगू प्रत्येक सोडलेल्या ओळीपाशी मोठ्याने म्हणत होती, "ही आहे गावात. हीपण आहे." जणू ओळीचीच समजूत काढत होती. त्या ओळींचं बेणं उन्हात वाळलं आणि पहारेकऱ्यांच्या चुलीत गेलं.

पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर न्यालोंग्वे आजी आली. डोंगरापलीकडच्या गावची. तिने दिलेली जात कडू होती, भिजवून-वाळवून तिचं पीठ असं पांढरंशुभ्र व्हायचं की लग्नात त्याचीच न्सिमा लागायची. आजी चालत आली होती. कमरेचं फडकं सोडून तिने ते जमिनीवर पसरलं, बेणं बांधून न्यायला.

"लेकी, आमच्याकडे कुजलं गं सगळं. तेवढी माझी कांडी दे परत."

लुसुंगू गुडघ्यांवर बसली. मी तोंड फिरवलं.

"आजी," ती म्हणाली, "तुमच्या गावात होती ना? गेल्या वर्षी होती."

"होती की. एका कोपऱ्यात चांगली झाडं होती, नुसती वेगळी काढून ठेवायला हवी होती. माझा लेक म्हणाला, कशाला राबतेस म्हातारपणी? सरकारच्या शेतात आहे ना आपली. मलाही पटलं. तू स्वतः येऊन नेली होतीस." ती हसली. "तुझ्याकडे आहे म्हणून आम्ही निवांत होतो."

हे लुसुंगूच्या तोंडून निघायला नको होतं. मग मीच सांगितलं, माझ्या या वाईट तोंडाने. तुमच्याकडे आहे म्हणून आम्हीही निवांत होतो, आजी. आम्ही ती लावली नाही.

आजीला आधी कळलंच नाही. ती आमच्या शेताकडे पाहत राहिली. लावलेल्या थोड्या ओळी होत्या आणि पुढे नुसतं गवत. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पसरलेलं फडकं उचललं, झटकलं, घडी घालता घालता थांबली आणि लुसुंगूला विचारलं, "मग आता ती कुणाकडे आहे, लेकी?"