गोंदणावरची सुई

फुलसावंगीजवळच्या आमच्या तांड्यावर, देवळासमोर सकाळपासून बाया दंड उघडे टाकून बसल्या होत्या. हरिसिंग महाराज करोनाची लस अंगातून बाहेर काढत होता म्हणे! दंडावर आधी तो ‘भस्मा’चा ओला लेप लावायचा, मग ‘केशराच्या पाण्यात’ बुडवलेला कापूस फिरवायचा, आणि काय सांगू, कापूस लालभडक!

“पाह्यलं? जहर हाय हे जहर! गोंदण म्हंजे आपल्या आजी-पणजीचा बंध. सुईवालीनं नेमकी त्याच्यावरच टोचली. बंध तुटला, जहर गळ्यात चढलं!”

बायांनी तोंडाला पदर लावले. गोंदण मेल्यावरही सोबत येतं, अशी तांड्यावरची समजूत. आणि सुई गोंदलेल्या दंडावर टोचली होती, हे तर खरंच. बुवाला असं एखादं खरं लागतंच, नाहीतर बाकीचं खोटं खपणार कसं?

रांगेत सुखीबाईची लेक सत्यशीला होती. लग्नाला सात वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच दिवस गेले होते, तिसरा महिना, म्हणून आईनं माहेरी आणलेली. लशीनंतर दोनेक महिन्यांत तिला थायरॉइड निघाला होता. गोळी एक दिवसही चुकवू नको, असं यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

महाराजानं तिला दटावलं, “गोळी खाऊन राह्यली? जहराले खुराक देऊन राह्यली तू! लेकराले काहून मारतं?”

सत्यशीलानं गोळ्यांची डबी तिथंच नाल्यात फेकली.

मी इथला मास्तर. शाळेच्या ओट्यावरून हे सगळं पाहत होतो. चुन्याला हळद लागली की लाल होते, हे मला ठाऊक होतं. पण या अडाण्यांच्या तोंडी कोण लागतं, म्हणून जागचा हललो नाही. त्याच्या आठवडाभर आधी सत्यशीला माझ्याकडंच आली होती.

“गुरुजी, लशीनंच बिघडला का माहा गळा?”

“काहीतरीच! मोबाइलवरचं खरं मानत जाऊ नकोस,” म्हणून मी हसलो. महाराजानं मात्र तिला जवळ बसवून अर्धा तास ऐकून घेतलं.

पाचव्या महिन्यात लेकरू पोटातच गेलं.

पंधरा दिवसांनी महाराज पुन्हा आला. “थोडं जहर राह्यलं होतं, आता तेही काढतो,” म्हणाला. सत्यशीला मुकाट्यानं दंड उघडा करून बसली. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. त्याच्या हातातला पिवळा कापूस हिसकावला आणि देवळाच्या ओट्यावर घासला. ओट्याला सकाळीच चुना मारला होता. दगड लालभडक झाला.

“या ओट्याले कोणती लस देल्ली होती, महाराज?”

महाराजानं झोळी उचलली. कुणी हसलं नाही. सत्यशीला माझ्याकडं पाहत म्हणाली, “गुरुजी, हे तुमाले तवाच मालूम होतं ना? मंग तवा काहून नाही दाखवलं?”

हातातला कापूस मी खाली टाकला.

मी मायलेकींना यवतमाळला घेऊन गेलो. लशीनंच गळा बिघडला का, हा मला विचारलेलाच प्रश्न सत्यशीलानं तिथं विचारला, आणि डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

“लशीनंतर थायरॉइड बिघडल्याच्या थोड्या नोंदी आहेत. तुमचा लशीनंच बिघडला की बिघडणारच होता, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण हा आजार पुष्कळदा घराण्यातून येतो. घरात आणखी कोणाला?”

सुखीबाईनं पदर बाजूला केला. गळ्याला जुनी सूज होती. “ही पोटात होती तवा माह्यी चांदीची हासळी सोनारानं कापून काढली. गळ्यात रुतत होती. माह्या याडीचा गळाबी असाच.”

आई, आजी, दोघींचे गळे सुजलेले. तेव्हा कुठं होती करोनाची लस?

“गोळी घेतली असती तर लेकरू वाचलं असतं?” सत्यशीलानं विचारलं.

“नक्की सांगता येत नाही. पण त्याला गोळीची गरज होती.”

ती तिथंच बाकावर बसून रडली. सुखीबाई तिची पाठ चोळत राहिली.

आता हात जोडून सांगतो. डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. घरात कुणाचा गळा सुजलेला असेल तर लेकीबाळींचं रक्त तपासून घ्या. कुणी चमत्कार दाखवला तर तो कसा केला ते विचारा. आणि माझ्यासारख्या शहाण्यांनो, कुणी भीत भीत प्रश्न घेऊन आलं तर त्याला खाली बसवा, नीट उत्तर द्या. पाच मिनिटं लागतात. सत्यशीलाचं लेकरू असतं, तर या दिवाळीला रांगलं असतं.