सावित्रीतलं वरचं घर

आमचं कुडपणचं घर दरडीबरोबर खाली गेलं तेव्हा आत कोणीच नव्हतं, कारण आम्ही सगळे बांधावर भांडत होतो. भांडण आमच्या घरधन्याचं आणि त्यांच्या चुलतभावाचं, मुरारीचं. एका घरात मधे भिंत घालून दोन घरं केलेली. डोंगराच्या अंगाला मुरारीचं, ते थोरल्याचं, म्हणून वरचं घर. उताराच्या अंगाला आमचं, ते खालचं. भर पावसात बांध कोणी कोरला यावरून दोघे एकमेकांच्या अंगावर धावले. मी आणि माझी जाऊ ठकूबाई सोडवायला म्हणून गेलो आणि आपापल्या परीने भांडायला लागलो. मागे धडधड आवाज झाला. वळून बघतो तर दोन्ही घरं नाहीत, मधली भिंतही नाही. मुरारी एवढंच म्हणाला, "बग, तुज्यामुळं."

नवऱ्याचं नाव बायकोने घेऊ नये म्हणतात, पण एवढी मोठी गोष्ट 'हे' आणि 'ते' करत सांगायची म्हणजे ऐकणाऱ्याची पंचाईत. त्यांचं नाव कोंडाजी. त्या दिवशी कोंडाजींनी डोक्यात राख घातली. पुन्हा म्हणून जमिनीवर राहायचं नाही, म्हणाले. जमीन आली की बांध आला आणि बांध आला की मुरारी आला.

तेव्हा कशेडीच्या घाटातून मालाच्या लॉऱ्या धावू लागल्या होत्या आणि दासगावला सावित्री नदीत मालाचे पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, रिकामे कुजत उभे होते. त्यातला एक म्हातारा पडाव कोंडाजींनी घेतला. या माणसाने जन्मात गुडघ्याच्या वर पाणी पाहिलेलं नव्हतं. दसरा झाल्यावर आम्ही डोंगर उतरलो. जातं, उखळ, देव्हारा, कोंबड्या आणि औत असा संसार पडावावर चढला. औत कशाला, असं मी विचारलं. "शेतकऱ्याच्या घरात औत नको काय?" असं उलट मलाच विचारलं. दासगावात कोणाचं तरी शेत अर्धेलीने करायचं आणि रात्री पाण्यावर येऊन निजायचं, असा बेत होता. पडाव काठाला बांधायचा नाही, कारण काठ कोणाचा तरी असतोच. म्हणून काठापासून थोडं आत नांगर टाकला, आणि जायला-यायला एक लहान होडी ठेवली.

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? सकाळी उठलं की चारी बाजूंनी पाणी. कोणाचं तोंड दिसत नव्हतं.

दिवाळीच्या सुमाराला एका सकाळी दुसरा पडाव डुलत डुलत आमच्याकडे आला. त्यावर मुरारी, ठकूबाई आणि त्यांची शेळी. त्यांच्या पडावाला नांगर नव्हता. मुरारीने काही न विचारता आपला पडाव आमच्या पडावाला खेटून बांधला, तोही काठामागच्या डोंगराच्या बाजूने, आणि मधे फळी टाकली.

"इथं कशाला आलास रं?" कोंडाजी ओरडले.

"मंग कुठं जाऊ? भिंत सामायक हाय आपली."

"कुठाय भिंत?"

"व्हती," मुरारी म्हणाला आणि शेळीला पाला घालू लागला.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत होतं, म्हणजे नुसत्या शिव्या चालल्या होत्या. मग ओहोटी लागली. कुडपणला आम्ही पाणी खालीच जाताना पाहिलेलं. दोन्हीकडे वाहणारी नदी आम्हाला कोणाला ठाऊक! दोन्ही पडाव एका नांगराभोवती हळूच वळले, पार उलटे झाले, आणि बघतो तर आमचा पडाव डोंगराच्या बाजूला आणि मुरारीचा भर पाण्याच्या बाजूला. खालचं घर वर आणि वरचं घर खाली.

मुरारीने जो आकांत केला, तो पार टोळ गावापर्यंत ऐकू गेला असेल. कोंडाजींनी आपल्यावर करणी केली असं तो म्हणत होता. कोंडाजी मात्र सुपारी कातरत मजेत बसले होते. जन्मात पहिल्यांदा ते वरच्या घरात राहत होते. संध्याकाळी भरती लागली, पडाव परत फिरले, आणि सुपारी खायची पाळी मुरारीची आली. असं चार दिवस चाललं. कोणाला वाटेल, दोन शहाणी माणसं हसून सोडून देतील. पण आमच्यात शहाणं कोण होतं?

शेवटी गावचे भागोजी गावकर यांना बोलावणं गेलं. भागोजी म्हणजे गावकीतला शेवटचा शब्द. ते डोंगर उतरून, पोलादपूर-महाड करत आले, होडीत जीव मुठीत धरून बसले, पडावावर चढले, आणि पूर्ण एक भरती आणि एक ओहोटी डोळ्यांनी बघितली. मग घसा साफ करून म्हणाले, "थोरल्याचं घर डोंगराकडं, ह्यो मान देवानं दिल्याला हाय. घर फिरलं म्हणून मान फिरत नाय. माणसं फिरवा."

म्हणजे काय, ते पहिल्यांदा कोणाच्याच डोक्यात शिरलं नाही. शिरलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. पडाव वळले की दोन्ही घरांनी एकमेकांच्या पडावावर जायचं, म्हणजे मुरारी सदा डोंगराकडे आणि आम्ही सदा पाण्याकडे. काय हलवायचं तेही भागोजींनी ठरवून दिलं. देव हलतील. अंथरूण हलेल. चूल, जातं, उखळ हलणार नाही. कोंबड्यांनी त्यांचं त्यांनी बघावं.

तसं सुरू झालं. पाणी थांबलं की आम्ही देव डोक्यावर घेऊन फळीवरून तिकडे आणि ते देव घेऊन इकडे. फळी एकच, म्हणून मधे कोणी थांबायचं यावर आणखी भांडण. रात्रीबेरात्री उठून असंच. पण खरा घोळ चुलीचा. कालवण चढवावं, त्याला कढ यावा आणि नेमकं पाणी फिरावं. मग माझं कालवण ठकूबाईने खायचं आणि तिच्या चुलीवर जे असेल ते मी. एकदा मी चिडून कालवणात मूठभर मिरची टाकली. म्हटलं, खाऊ दे. आता भरती-ओहोटी रोज थोडी उशिराने येते, हे आम्हा डोंगरातल्या माणसांना कोणी सांगितलेलं! त्या दिवशी जेवणाआधी पाणी फिरलंच नाही, आणि ते कालवण आम्हालाच गिळावं लागलं. कोंडाजी डोळे पुसत म्हणाले, "ठकीच्या हाताला चव हाय गो." मी हातातली पळी त्यांच्या अंगावर फेकली.

पौष सरेपर्यंत कोणता पडाव मुळात कोणाचा, हेही आम्ही विसरलो. दासगावची माणसं पाणी फिरायच्या वेळेला काठावर येऊन बसायची. लहान पोरांना घेऊन यायची. इतकी करमणूक त्यांना महाडच्या जत्रेतही होत नसावी.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण फाल्गुनात आमची सून आवडी आली. आमचा मुलगा दत्ताराम मुंबईला गिरणीत. त्याच्या खोलीत माणसं इतकी की उताणं निजायलाही पाळी लावावी लागे. आवडीला माहेर उरलेलं नव्हतं आणि तिचे दिवस भरत आले होते, म्हणून तो तिला आमच्याकडे सोडून गेला. आधीचं एक तिच्या पोटातच गेलं होतं. त्या वेळेला ती कित्येक दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. हे दुसरं. मी तिला होडीतून वर चढताना बघितलं, आणि मग ती फळी बघितली. जेमतेम वीतभर रुंदीची फळी, खाली पाणी, आणि दिवसरात्र त्यावरून येणंजाणं.

मी मुरारीकडे गेले. पदर नीट करून गेले, म्हणजे बघा.

"भावोजी, पोरीचं होईस्तवर फिरणं बंद ठेवू या. तिला फळीवरनं नेववत नाय मला."

तो शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "वहिनी, आज तिच्यासाठी थांबलो, उद्या पावसासाठी थांबू. मंग मान ऱ्हायला कुठं?"

"मान मोठा की पोर?"

त्याने शेळीपुढे पाला टाकला. मला इतका राग आला की त्याची शेळी पाण्यात ढकलावीशी वाटली. त्याला आणि ठकूबाईला मूलबाळ नव्हतं. थोरलं घर असं दोन म्हाताऱ्या माणसांवर येऊन थांबलं होतं, आणि मान मात्र हत्तीवर बसवण्याएवढा. याला काय कळणार पोटातल्या पोराचं, असं मी मनात म्हटलं, आणि ठकूबाईला ऐकू जाईल असं तोंडानेही म्हटलं. ती भांडी घासत राहिली. त्या दिवसापासून आवडी फळीवरून जाऊ लागली की ठकूबाई पुढून तिचा हात धरायची आणि मी मागून कंबर.

चैत्रात एका सकाळी आवडीला कळा सुरू झाल्या. भरती होती. आम्ही पाण्याकडच्या पडावावर. ठकूबाई आपणहून फळी ओलांडून आली. स्वतःला मूल नसलं तरी कुडपणातली निम्मी पोरं तिच्याच हातांवर आली होती. तिने कोंडाजींना बाहेर घालवलं, लुगड्याचा आडोसा केला, आणि मला गरम पाण्याला लावलं.

ऊन वर आलं. आवडी दातांखाली पदर धरून कण्हत होती. आणि मी बाहेर बघितलं तर पाणी थांबलेलं. नदीवरचा पाला जागच्या जागी उभा. आता ओहोटी लागणार, पडाव फिरणार, आमचा पडाव डोंगराकडे जाणार, आणि आम्हाला तो सोडावा लागणार. मी बाहेर आले. काठावर दासगावची माणसं बसलेलीच होती. मुरारी आपल्या पडावाच्या टोकावर उभा राहून पाण्याकडे बघत होता.

"भावोजी!" मी ओरडले. "तिला हलवलंत तर मी जीव देईन!"

त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. पडावावरचा सगळ्यात जाड दोर उचलला, त्याचं टोक पडावाच्या मागच्या अंगाला गच्च बांधलं, आणि दुसरं टोक घेऊन लहान होडीत उडी मारली. मला वाटलं, पळाला. तो काठाला लागला, चिखलात कंबरेपर्यंत उतरला, दोर पाठीवरून घेतला आणि ओरडला, "कोंड्या! बगतोस काय रं? घर फिरू द्यायाचं नाय!"

कोंडाजींना तेवढं पुरलं. पोहता येत नसताना ते पाण्यात पडले, दोराला लोंबकळत, गटांगळ्या खात काठाला पोचले आणि मुरारीच्या मागे दोर धरून उभे राहिले. ओहोटी लागली. दोन्ही पडाव कण्हल्यासारखे वाजले आणि वळू लागले. ते दोघे चिखलात रुतून मागे ओढत होते. बांधाचा एक दगड कधी मिळून उचलला नव्हता, असे ते दोघे.

दासगावची माणसं आधी हसली. मग आडोशामागून आवडीची किंकाळी आली आणि हसणं थांबलं. एकेक जण धोतर खोचून चिखलात उतरला. कोणी तरी शहाणा म्हणाला, "अहो, त्या आंब्याला बांधा की दोर!"

"आंबा परक्याचा हाय," मुरारी दातओठ खात म्हणाला. "सुनेचं बाळंतपण परक्याच्या उपकारावर करू?"

"आणि आम्ही कोण?" तो माणूस म्हणाला.

"तुमी वडा!"

आणि तो माणूसही ओढू लागला. सगळी सावित्री समुद्राकडे निघाली होती आणि तिच्या एका वळणावर दहा-पंधरा माणसं दोन कुजके पडाव धरून उभी होती. मुरारीच्या तळहातांची सालटी निघाली. कोंडाजी तोंडातला चिखल थुंकत त्याला शिव्या देत होते, "वड रं थोरल्या, वड," आणि तो "तूच वड, धाकट्या," म्हणत होता.

मी आत होते तेव्हा पोर रडलं. आधी बारीक, मग चांगलं ठणठणीत. मुलगी झाली होती. ठकूबाईने तिला उलटंपालटं करून बघितलं, माझ्या पदरात दिली आणि स्वतः खाली बसली.

"पोरगी हाय!" मी बाहेर येऊन ओरडले. "दोघी चांगल्या हायत!"

मग दोर सुटला. मुरारीच्याच हातून सुटला आणि बाकीचे सगळे एकमेकांवर पडले. पडाव सावकाश फिरले. मी पोर घेऊन उभी होते आणि डोंगर हळूहळू आमच्याकडे येत होता. आमचा पडाव डोंगराच्या अंगाला लागला.

मुरारी आणि कोंडाजी होडीतून आले. मुरारी पाण्याकडच्या पडावावर चढला, फळीपर्यंत आला आणि थांबला. आता त्याने इकडे यायचं आणि आम्ही तिकडे जायचं. इतके महिने आम्ही तेच केलं होतं. ठकूबाई सवयीने उठली आणि पलीकडे जाऊन त्यांचे देव उचलायला लागली. मी आवडीच्या पुढ्यात आडवी उभी राहिले.

"भावोजी, ती उठणार नाय," मी म्हटलं.

मुरारीने पोरीकडे बघितलं. चिखलाने भरलेला चेहरा, फक्त डोळे दिसत होते. "तिला कोन उठवतंय?" तो हळूच म्हणाला. "मान हाय तिचा. थोरल्या घरात कोन नव्हतं, आता हाय."

मग तो ठकूबाईकडे वळला. "देव इथं ठेवू नको गो. तिकडं नेऊन ठेव तिच्या उशाशी."

ठकूबाई देव घेऊन फळीवरून आली. तो तिकडेच, पाण्याच्या अंगाला, आमच्या जागेवर जाऊन बसला आणि सोललेले हात मांडीवर उघडे ठेवून डोंगराकडे बघत राहिला. मी पोर घेऊन फळीवर पाय टाकला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला ते लपवायचंही नव्हतं. मी पलीकडे गेले आणि त्या भांडकुदळ माणसाच्या उघड्या हातांत आमची नात ठेवली.