फितीचं चाक

सोयाबीनच्या पेंडीतून तेल टिकवणारी पावडर काढायची म्हणून वाळूजच्या त्या कारखान्यात दोन हजार लिटरची टाकी बसवली, आणि तिच्या वाफेच्या चाकाला लाल फीत बांधली. चाक फिरवायला चेअरमन तात्यासाहेब येणार होते. एन्झाइम खातात की पितात हे ज्याला सात जन्मांत कळणार नाही, त्याच्याच हातून मुहूर्त करायचा, ही आपल्याकडची जुनी खोड.

काम सगळं प्रयोगशाळेतल्या शाइस्ताचं. एन्झाइम पेंडीतल्या प्रथिनाचे तुकडे करतं. बेताचे झाले तर ते तुकडे तेलाला खवट होऊ देत नाहीत. जास्त झाले तर पावडर कडूजहर, आणि उपयोग शून्य. म्हणून वेळेवर वाफ सोडून एन्झाइम मारावं लागतं. प्रयोगशाळेतलं दोन लिटरचं भांडं उकळत्या पाण्यात बुडवलं की पाच मिनिटांत काम तमाम. टाकी मात्र तापायलाच चाळीस मिनिटं घेते, आणि तोवर एन्झाइम कापतच राहतं. ती चाळीस मिनिटं नेमकी कुठून धरायची, हे शोधायला शाइस्तानं आठ महिने घातले. मॅनेजर अभयसरांच्या लेखी तो नुसता गुणाकार होता. हजारपट केलं, झालं.

शहरातला एक फरसाणवाला पहिली बॅच तेलात घालून बघणार होता. एकदाच. जमली तर ऑर्डर, नाहीतर टाकी भंगारात आणि शाइस्ता घरी.

वाफ साडेअकराला सोडायची होती. सव्वाअकराला निरोप आला की तात्यासाहेब पाचोडला साखरपुड्यात अडकलेत, जेवूनच निघतील. अभयसरांनी थांबायला सांगितलं. शाइस्ता म्हणाली, एन्झाइमला कुणी पत्रिका दिलेली नाही, ते कसं थांबेल? सर म्हणाले, दोन तासांत प्रथिन काय पळून जातंय का. आणि गुच्छ घेऊन गेटवर जाऊन उभे राहिले. पीएच.डी. झालेला माणूस.

शाइस्ता बॉयलरवरच्या सांडूमामांकडं गेली.

"मामा, चाक सोडून बाजूच्या बायपास पाइपातनं वाफ सोडा. फितीला हात नका लावू."

मामा तंबाखू मळत होते. "नोकरी गेली मंजी?"

"बॅच गेली तर तशीही जातेच ना."

"व्हय, ते बी हायेच," म्हणत त्यांनी व्हॉल्व्ह उघडला. बारा दहाला तापमानाचा काटा पंच्याऐंशी अंशांवर टेकला. दहा मिनिटं तिथंच धरून मामांनी बॉयलरकडूनच वाफ तोडली.

तात्यासाहेब उगवले दोनला, ढेकर देत. फीत कापली, चाक फिरवलं. पाइपातून साधा सुस्कारा निघाला नाही. पण टाकी अजून भाजत होती. साहेबांनी तिच्यावर तळवा ठेवला आणि झटकन मागं घेतला. "बघा, हात लागताच तापली," ते म्हणाले. फोटो निघाले. वाफ आधीच देऊन झालीय हे काट्यावरून ओळखून अभयसरांचा चेहरा उतरला, पण सांगणार कुणाला? सगळ्यात जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या.

महिनाभरानं फरसाणवाल्यानं तेलाचा वास घेतला आणि ऑर्डर दिली. मीटिंगमध्ये शाइस्ताचं नाव कुणाच्या तोंडून निघालं नाही. साहेबांच्या हाताला गुण आहे असं सर्वानुमते ठरलं, आणि पुढच्या बॅचचं चाकही त्यांनीच फिरवायचं.

अभयसर वेळ विचारायला आले. नजर तिच्याकडं नव्हती, भिंतीवरच्या कॅलेंडरवर होती.

"वाफ साडेअकरालाच," शाइस्ता म्हणाली. "साहेबांना दोनला बोलवा. जेवूनच या म्हणावं."