जागा बदललेलं काम

टण्णकन पेला पडला आणि दुपारची शांतता मोडली. पाणी ओघळत समताच्या रंगीत खडूंपर्यंत गेलं.

उपासनानं लॅपटॉपवरून मान वर केली. तिची आई, सोनुबाई, टेबलाच्या डाव्या कडेला हातानं चाचपत बसली होती. नातीसोबत चार दिवस राहायला ती कालच निपाणीहून बेळगावला आली होती.

"टेबलावरच ठेवलता की गं मी."

"आजी, तू ठेवलास तिथं टेबलच न्हवतं," समता खदखदून हसली. आईही हसली.

उपासनाला मात्र हसू आलं नाही. ती आईपुढं जाऊन बसली. आईचा उजवा डोळा तिनं तळव्यानं झाकला आणि दुसरा हात समोर धरला.

"किती बोटं हायत, आई?"

"बोटं हायती व्हय?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जुना कागद काढून बघितला. काचबिंदू. गेल्या वर्षी त्यांनीच शोधला होता, थेंब लिहून दिले होते, डोळ्याचा दाब पुन्हा तपासायला बोलावलं होतं. "मधे कुठं होतात?" त्यांनी विचारलं.

उपासना बोलणार तोच आई म्हणाली, "माझंच चुकलं, डॉक्टर. बाटली सपली. डोळा दुखत न्हवता. म्हटलं, झालं बरं."

डाव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नव्हती. उजवा राखायचा होता. निघताना डॉक्टर उपासनाला म्हणाले, "तुम्हीही दाखवून घ्या. हा आजार वारशानं उतरतो."

वारसा हा शब्द तिच्या रोजच्या कामातला. ती ज्या कंपनीत होती, तिथं लोकांची कामं सांभाळणारं सॉफ्टवेअर बनायचं, आणि ते तपासणं ही तिची नोकरी. एखाद्या मोठ्या कामाला ध्येय जोडलं की त्याच्या पोटातल्या सगळ्या कामांना ते आपोआप मिळायचं. यालाच ऑफिसात वारसा म्हणत. घरचं सगळंही ती त्यातच ठेवायची: समताची लस, गॅसचं बुकिंग, आईचा दवाखाना. 'आईचे डोळे' असं एक ध्येय होतं. ते तिनं 'बेळगावचा दवाखाना' या कामाला जोडलं होतं, आणि त्याच्या पोटात होतं, 'डोळ्याचा दाब तपासणे'.

गेल्या वर्षी, ती तपासणीची तारीख यायच्या आधीच, भीमरत्नदादाचा फोन आला. निपाणीत आई त्याच्याकडंच राहायची. "बेळगावापेक्षा कोल्हापूर जवळ पडतंय गं आमास्नी. तिथंच दाखवू की." निपाणीच्या माणसाचं हे नेहमीचंच. दवाखाना म्हटला की एक पाय बेळगावात, एक कोल्हापुरात. उपासनानं ते पोटकाम उचललं आणि 'कोल्हापूर' नावाच्या नव्या कामाखाली ठेवलं. नव्या कामाला तिनं ध्येय जोडलं नव्हतं. तरी दाबाचं काम उघडलं की त्यावर 'आईचे डोळे' हीच पट्टी दिसत होती, म्हणून ती निर्धास्त राहिली. पण एका ध्येयाची तेवढीच कामं दाखवणारा फिल्टर लावला की ते काम त्यात येतच नव्हतं. दर रविवारी ती फिल्टर लावायची. काही उरलेलं नाही, असं बघून बंद करायची. त्या रिकाम्या पडद्याकडं बघून तिला बरं वाटायचं.

ही खोट तिला ठाऊक नव्हती असंही नाही. काम हलवलं की पट्टी जुनीच राहते आणि फिल्टर नव्या जागेचं ऐकतो, हे तिनंच पकडलं होतं. त्या दिवशी समताची शाळा लवकर सुटणार होती. तिनं घाईघाईत 'किरकोळ' असा शेरा मारला आणि चपला घातल्या. दुरुस्ती मागं पडली. तेव्हा आईचं काम हलवून झालेलं होतं. ते तिच्या मनातही आलं नाही.

दवाखान्यातून घरी आल्यावर तिनं नागेंद्रला, ऑफिसातल्या तिच्या वरिष्ठाला, फोन लावला.

"सोडा री," तो त्याच्या कानडी वळणानं म्हणाला. "किरकोळला मीपण हो म्हटलं होतं की."

"शेरा माझा होता. चूक माझी हाय, नागेंद्र."

समता तिथंच पाटीवर मासा काढत होती.

संध्याकाळी भीमरत्नदादा आला. त्यानं बूटसुद्धा काढले नाहीत.

"आई, बाटली सपल्यावर सांगायला तोंड न्हवतं व्हय? एका घरात राहतोय आपण."

"तुला तरी कुठं कळलं रं मला दिसत न्हाय ते?"

"कसं कळंल? डोळं मिटून भाकरी थापतीस तू."

ते खरं होतं. जन्मभर विड्या वळलेली बाई. पान, तंबाखू, दोरा, सगळं बोटांनीच बघायचं, मान वर करून गप्पा मारत. त्याच विड्यांवर दोघं भावंडं शिकली होती. एक डोळा विझत गेला, तरी हात कुठं अडले नाहीत.

"माझंच चुकलं म्हटलं न्हवं," आई म्हणाली.

"चुकलं म्हणून डोळा येतोय व्हय माघारी? ही उपासना बघ. पोरगी, नोकरी, घर, सगळं करून तुझ्या तारखा सांभाळती. तिचं कधी काय इसरलंय? तू तिच्या कष्टावर पाणी घातलंस."

उपासनाच्या ओठांवर आलं होतं. दादा, तारीख माझ्याकडनं हुकली. एवढंच तर म्हणायचं होतं. पण दादानं आधीच तिला इतक्या उंचावर बसवलं होतं, की तिथून उतरायला तिला पायच सापडेना. आईनं सगळी मान वळवून तिच्याकडं बघितलं. एका डोळ्यानं आता आईला तसंच बघावं लागणार होतं.

"च्या ठेव गं त्याला," आई म्हणाली. "दमून आलाय."

उपासनानं चहा ठेवला.

दादा गेल्यावर आई आत जाऊन आडवी झाली. उपासना कपबशा विसळत होती. समता ओट्याला टेकून उभी राहिली, पाटी छातीशी धरून.

"आई, तू फोनवर म्हणालीस ना, चूक तुझी हाय?"

"हं."

"मग मामा आजीला बोलत होता, तवा तू गप का बसलीस?"