झाकलेली ओल

मागच्या गव्हाची धसकटं आणि काड मी रानात तसंच पसरून ठेवलं होतं. पाऊस एकदा संपला की आमच्याकडे कापणीपर्यंत थेंब पडत नाही. जमिनीत ओल राहील तेवढाच गहू. ती उन्हाने उडू नये म्हणून हे पांघरूण. येणारा-जाणारा विचारायचा, "काय, नवरा नोकरीला गेला आणि रान वाऱ्यावर सोडलंत का?" मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

सासरे मात्र कधी हसले नाहीत. त्यांना मी शंभरदा समजावलं होतं. काड बाजूला सारून मूठभर माती दाबायला लावली होती. गोळा झाला की ते मान डोलवायचे. घरातलं एक तरी माणूस आपल्या बाजूने आहे, या जोरावर मी साऱ्या गावाला पुरून उरत होते.

पेरणी तोंडावर आली म्हणून मी बियाणं आणायला गेले. संध्याकाळी परत येते तर रान उघडं. काडाचे बांधाला ढीग, सगळी जमीन नांगरून उलथीपालथी केलेली आणि तिच्यावरून दिवसभर कोरडा वारा गेलेला. ट्रॅक्टरवर सासरे, कमरेला पट्टा बांधून, शाबासकीची वाट बघत.

मी माती उचलली. बोटांतून पिठासारखी गळाली. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"बाबा, अहो काय करून बसलात हे! ओल उडाली ना सगळी! सांगितलं नव्हतं मी तुम्हाला?"

"सांगितलं होतंस." त्यांचा चेहरा पडला. "मला वाटलं, एकटीला नांगरट झेपत नाही, म्हणून तसं सांगतेस. तुला वाईट वाटू नये म्हणून मी आपली मान डोलवायचो."

कपाळ माझं! गाव हसलं ते एक वेळ चाललं. ज्यांच्या भरवशावर मी गावाशी भांडत होते, त्यांना माझा एक शब्द खरा वाटला नव्हता.

"फळी जोडा," मी म्हणाले. "माती दाबून टाकू. खाली उरली असेल तेवढी तरी राहील."

"वजन लागेल वर. मी बसतो."

एरवी त्या कमरेमुळे मी त्यांना पाण्याची बादलीसुद्धा उचलू देत नाही. त्या संध्याकाळी 'नको' तोंडातून निघालंच नाही. मी ट्रॅक्टर सुरू केला. मागे फळी आदळत होती, धुळीत ते खोकत होते. मला स्वच्छ ऐकू येत होतं. रान संपेपर्यंत मी थांबले नाही.